हंगामी ॲपचे थर, आणि पॅटर्नला हात कधी घालायचा

सगळा माल वाशीला न पाठवता काही पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पोचवणारे बागायतदार रत्नागिरीपासून देवगडपर्यंत गावोगाव भेटतात. ऑर्डर घ्यायला त्यांना वेबसाइट लागते. ती करून देणारी मुलंमुली बहुतेक वेळा इथलीच असतात: कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कुणी पुण्याची नोकरी घरून करणारं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वेब ॲप्लिकेशनचे थर म्हणजे काय, ते कशासाठी पाडायचे आणि डिझाइन पॅटर्न, म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणींवरची ठरलेली उत्तरं, कधी वापरायचे, हे मी आंब्याच्या ऑर्डर घेणाऱ्या अशाच एका ॲपवरून सांगणार आहे.

या ॲपचा एक स्वभाव आधी लक्षात घ्या. मार्चपासून मेअखेरपर्यंत ते जोरात चालतं, पाऊस लागला की बंद. मग आठ-नऊ महिने त्या कोडकडे कुणी फिरकत नाही. फेब्रुवारीत बागायतदाराचा फोन येतो, "बाबू, यंदा पाच डझनाची पेटी पण ठेवूक व्हयी," आणि त्या दिवशी कोड उघडणारा माणूस गेल्या वर्षीचाच असेल याची खात्री नसते. असला तरी त्याला फारसं आठवत नसतं. मोठ्या कंपनीतली टीम रोज तोच कोड हाताळते, त्यामुळे रचनेतला गोंधळ तिच्या अंगवळणी पडतो. हंगामी कामात ती सोय नाही. म्हणून "एवढंसं तर ॲप, त्याला रचना कशाला" हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. वर्षातून एकदा उघडणाऱ्या कोडलाच रचना जास्त लागते.

पहिल्या वर्षीचा कोड साधारण असा असतो. 'ऑर्डर द्या' बटण दाबलं की सर्व्हरवर एक मोठं फंक्शन चालतं. ते फॉर्ममधलं नाव, पत्ता, पेट्या वाचतं, तारीख बघून दर काढतं, गावाप्रमाणे पार्सलचं भाडं मिळवतं, डेटाबेसमध्ये शिल्लक बघतं, ऑर्डर लिहितं, पेमेंट गेटवेशी (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेशी) बोलतं, एसएमएस पाठवतं आणि शेवटी आभाराचं पान दाखवतं. वरून खाली वाचत गेलं की सगळं कळतं. मार्टिन फाउलर यांनी २००२ साली एंटरप्राइझ सॉफ्टवेअरच्या पॅटर्नची जी मांडणी केली, तिच्यात व्यवहाराचे नियम एकेका विनंतीप्रमाणे असे सरळ लिहीत जाण्याला ट्रान्झॅक्शन स्क्रिप्ट म्हटलं आहे. नियम थोडे असतील तर ही पद्धत चांगली चालते. लाजण्यासारखं तिच्यात काही नाही.

अडचण दुसऱ्या वर्षी सुरू होते. दर आता फळाच्या आकाराप्रमाणे हवा असतो. सोसायटीतून एकत्र दहा पेट्या मागवणाऱ्यांना वेगळा दर हवा असतो. फोनवर आलेल्या ऑर्डरी बागायतदाराच्या घरचं कुणीतरी ॲडमिनच्या पानावर भरणार असतं, म्हणजे दर काढायचं काम आणखी एका जागी लागतं. तो कोड कॉपी होतो. एप्रिलमध्ये आवक वाढून दर उतरतात. ते एका जागी बदलतात, दुसऱ्या जागी राहून जातात, आणि एकाच दिवशी दोन गिऱ्हाइकांना दोन दर सांगितले जातात. त्यानंतरचे फोन बागायतदाराला घ्यावे लागतात, आपल्याला नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये यावर जे लिहिलं ते आजही तंतोतंत लागू पडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कामाच्या पायऱ्या बघून प्रोग्रॅमचे तुकडे पाडू नका. पुढे कोणते निर्णय बदलू शकतात ते शोधा आणि असा प्रत्येक निर्णय एकेका तुकड्याच्या आत लपवा. आपल्या ॲपमध्ये काय बदलतं? दर आणि परतीचे नियम बागायतदार बदलतो. पानाचं रूप गिऱ्हाइकाच्या मोबाइलमुळे बदलतं. पेमेंट गेटवे त्याच्या कमिशनमुळे बदलतो. डेटाबेस किंवा होस्टिंग बदलतं ते खर्चामुळे. कारणं वेगळी, माणसं वेगळी, वेळाही वेगळ्या. थर पाडायचे ते या रेषांवर.

चार थर, आणि साक्याची तक्रार

नेहमीची विभागणी चार थरांची आहे. सगळ्यात बाहेर वेबचा थर, म्हणजे आलेली विनंती हातात घेणारा कंट्रोलर आणि पानं. त्याच्या आत सर्व्हिस, ती कामाचा क्रम लावते. गाभ्यात डोमेन, म्हणजे धंद्याचे नियम. आणि डेटाबेस, गेटवे, एसएमएस यांच्याशी बोलणारा इन्फ्रास्ट्रक्चरचा थर. एरिक एव्हान्स यांनी २००३ मध्ये डोमेन-ड्रिव्हन डिझाइन मांडताना हेच चार थर सांगितले होते. व्याख्या पाठ करून मात्र कुठली ओळ कुठे जाते ते कळत नाही, त्यामुळे एकच प्रसंग नीट उलगडून बघू.

हापूस कापल्यावर कधी कधी आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. हा साका. बाहेरून फळ सुरेख दिसतं, पेटी भरणाऱ्याला काही कळत नाही. त्यामुळे थेट विकणाऱ्या बागायतदाराला साक्याबद्दल काहीतरी नियम ठेवावाच लागतो. समजा नियम असा आहे: पेटी पोचल्यापासून आठ दिवसांत फोटोसह तक्रार आली, तर तेवढी फळं पुढच्या पेटीतून भरून द्यायची; हंगाम संपला असेल तर तेवढ्या फळांचे पैसे परत.

गिऱ्हाइकाने तक्रारीचा फॉर्म भरला. कंट्रोलरने फक्त एवढंच बघायचं: माणूस लॉगिन झालेला आहे का, जोडलेली फाइल खरंच फोटो आहे का, ती फार मोठी नाही ना, फळांच्या रकान्यात आकडा आहे की भलतंच काही. हे सगळं वेबच्या भाषेतलं काम. आठ दिवसांचा हिशोब इथे करायचा नाही. कारण उद्या हीच तक्रार फोनवर आली आणि ॲडमिनच्या पानावरून भरली, तर फोटोची तपासणी वेगळी होईल, पण आठ दिवस तेच राहतील.

मग सर्व्हिस. तिचा कोड वाचताना कामाची यादी वाचल्यासारखं वाटलं पाहिजे. मराठीत लिहिला तर असा:

    तक्रार_नोंदव(ऑर्डर_क्रमांक, खराब_फळं, फोटो):
        ऑर्डर = ऑर्डर_साठा.शोध(ऑर्डर_क्रमांक)
        हंगाम = हंगाम_साठा.चालू()
        निकाल = ऑर्डर.साक्याची_तक्रार(खराब_फळं, हंगाम, घड्याळ.आज())
        फोटो_साठा.ठेव(ऑर्डर_क्रमांक, फोटो)
        ऑर्डर_साठा.जतन_कर(ऑर्डर)
        निरोप.नोंदव(ऑर्डर.गिऱ्हाईक, निकाल)
        परत_दे निकाल

या कोडमध्ये दिवसांची तुलना नाही, क्वेरी नाही, फोटो कुठल्या फोल्डरमध्ये जातो तेही नाही. निर्णय होतो तो 'साक्याची_तक्रार' या एका ओळीच्या आत, म्हणजे डोमेनमध्ये. पेटी पोचल्याची तारीख ऑर्डरला माहीत आहे. पेटीत किती फळं होती तेही माहीत आहे, त्यामुळे पाच डझनाच्या पेटीतून सत्तर फळं खराब निघाल्याची तक्रार ती मान्य करणार नाही. आठ दिवस उलटले असतील तर नकार देईल. हंगाम संपला असेल तर पैसे परत, असा निकाल देईल.

आता 'घड्याळ.आज()' या तुकड्याकडे नीट बघा. आजची तारीख डोमेनने स्वतः जाऊन विचारलेली नाही, ती बाहेरून हातात दिलेली आहे. एवढ्याशा गोष्टीने फार फरक पडतो. पोचल्यानंतर आठव्या दिवशी काय होतं, नवव्या दिवशी काय होतं, हंगामाच्या शेवटच्या दिवशी काय होतं, याच्या टेस्ट आता ऑगस्टच्या पावसात बसूनही चालवता येतात. तारीख आतच मागितली असती तर आठवा दिवस उजाडेपर्यंत थांबावं लागलं असतं, किंवा कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे करत बसावं लागलं असतं.

थर बरोबर पडले आहेत की नाही, हे बघायला माझी एकच कसोटी आहे. इंटरनेट बंद, डेटाबेस बंद अशा अवस्थेत साक्याच्या नियमाची टेस्ट चालते का? मे महिन्यात वळवाच्या वादळात वीज गेलेली असताना लॅपटॉपच्या बॅटरीवर ती चालली, तर डोमेन खरोखर वेगळं झालं आहे. चाललीच नाही, तर फोल्डरची नावं कितीही शास्त्रशुद्ध असोत, नियम अजून डेटाबेसला बांधलेला आहे.

अवलंबून कोणी कोणावर राहायचं

इथे बहुतेकांची गाडी अडते. जुन्या तीन थरांच्या पद्धतीत वेब वर, नियम मध्ये आणि डेटाबेस तळाशी असे, आणि वरचा थर खालच्यावर अवलंबून राही. म्हणजे आठ दिवसांचा नियम डेटाबेसच्या लायब्ररीवर उभा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात बाहेरच्या गोष्टीवर टेकलेली.

हे उलटवता येतं. डोमेनने आपल्याला काय हवं ते आपल्या शब्दांत सांगायचं: "क्रमांकावरून ऑर्डर शोधून देणारं आणि जतन करणारं कुणीतरी मला हवं." हा झाला इंटरफेस, आणि तो राहतो डोमेनच्या फोल्डरमध्ये. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरून ते काम प्रत्यक्ष करणारा क्लास राहतो इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये, आणि तो डोमेनच्या इंटरफेसवर अवलंबून असतो. कामाची हाक आतून बाहेर जाते, पण कोडमधली 'इंपोर्ट'ची ओळ बाहेरून आत बघते. यालाच डिपेन्डन्सी इन्व्हर्शन म्हणतात. ॲलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये मांडलेलं हेक्सागोनल आर्किटेक्चर, जेफ्री पालेर्मो यांचं २००८ मधलं अनियन आर्किटेक्चर, आणि त्यानंतर गाजलेलं क्लीन आर्किटेक्चर या तिन्हींच्या आकृत्या वेगळ्या दिसतात, गाभ्यात ही एकच गोष्ट आहे. त्यातलं कोणतं निवडू यावर आठवडे घालवणारी मुलं मी बघतो. तो वेळ नियम लिहून काढण्यात जावा असं मला मनापासून वाटतं.

लेयर आणि टिअर यांतली गल्लतही इथेच मिटवू. लेयर हा कोडमधला थर. टिअर म्हणजे वेगळं चालणारं मशीन किंवा प्रोसेस. चार लेयर एकाच स्वस्त सर्व्हरवर, एकाच प्रोसेसमध्ये आनंदाने राहतात. थर पाडले म्हणून मायक्रोसर्व्हिस, म्हणजे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम, करायला नकोत. आंब्याच्या ऑर्डरीच्या ॲपला त्या लागतही नाहीत.

शेवटची पेटी

थरांची शिस्त सांगताना एक गोष्ट बरेचदा झाकून ठेवली जाते: सगळंच डोमेनमध्ये मावत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी चढते. शेवटची एक पेटी शिल्लक आहे आणि दोन गिऱ्हाइकं एकाच क्षणी बटण दाबतात. दोघांच्या विनंत्या डेटाबेसमधून 'शिल्लक १' वाचतात, दोघांनाही डोमेन 'चालेल' म्हणतं, आणि एक पेटी दोघांना विकली जाते. नियम बरोबर, तरी उत्तर चूक.

इथे डेटाबेसची मदत घ्यावीच लागते. 'शिल्लक मागणीइतकी असेल तरच वजा कर' हे एकाच अपडेट क्वेरीत सांगायचं आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. एकही बदलली नसेल तर पेटी गेली. रिपॉझिटरी (वरच्या कोडमधला 'साठा') तसं सर्व्हिसला कळवते, सर्व्हिस कंट्रोलरला, आणि कंट्रोलर ४०९ हा (विनंती सध्याच्या स्थितीशी जुळत नाही असं सांगणारा) एचटीटीपी कोड देऊन गिऱ्हाइकाला पुढची तारीख सुचवतो. 'शिल्लक नसेल तर विकायचं नाही' हे वाक्य डोमेनचं, त्याची राखण डेटाबेसची. ही तडजोड नाही, दोन्ही थर आपापलं काम करतायत.

पैशाच्या बाबतीत तर क्रम फारच जपायला हवा. आधी पेटी थोड्या मिनिटांसाठी राखून ठेवायची, तो व्यवहार डेटाबेसमध्ये पक्का करायचा आणि मगच गेटवेकडे जायचं. गेटवेचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (एक तर सगळा पक्का होणारा, नाहीतर सगळा रद्द होणारा व्यवहार) उघडं ठेवलं आणि नेटवर्क रेंगाळलं, तर त्या ओळीवरचं कुलूप तितका वेळ बसतं आणि मागच्या सगळ्या ऑर्डरी खोळंबतात. शिवाय 'पैसे आले' हा गेटवेचा निरोप एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतो. उत्तर वेळेत मिळालं नाही की गेटवे तो पुन्हा पाठवतात. म्हणून गेटवेचा पेमेंट क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवून त्यावर युनिकची, म्हणजे तोच क्रमांक दोनदा न घेण्याची, अट घालायची. दुसरा निरोप आला तर तो नोंदला जाणार नाही आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर दुप्पट होणार नाही.

एसएमएसचं तसंच. वरच्या कोडमध्ये 'निरोप.पाठव' नाही, 'निरोप.नोंदव' आहे. ऑर्डर ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये जतन होते त्यातच 'हा निरोप पाठवायचा आहे' अशी एक ओळ लिहायची. पाठवण्याचं काम दुसरी छोटी प्रोसेस मागून करते, जमलं नाही तर पुन्हा करते. याला आउटबॉक्स पॅटर्न म्हणतात. टॉवर बंद पडला तरी ऑर्डर अडत नाही आणि निरोपही हरवत नाही.

फोल्डर

यावर थोडक्यात. सुरुवातीला कंट्रोलर, सर्व्हिस, डोमेन, इन्फ्रा असे चार फोल्डर पुरतात. फाइली वाढल्या की मी विषयाप्रमाणे फोल्डर करते: ऑर्डर, दर, पाठवणी, तक्रार, आणि प्रत्येकाच्या आत हे थर. कारण फोनवर येणारी मागणी "सर्व्हिस बदल" अशी कधीच नसते, "साक्याचे दिवस दहा कर" अशी असते, आणि त्या शब्दाचा फोल्डर समोर दिसला की नवा माणूसही थेट तिथे जातो. नावंही त्यासाठी धंद्यातलीच ठेवावीत. पेटीला पेटीच म्हणा. 'युनिट', 'आयटम' म्हटलं की दोन वर्षांनी डझन मोजायचे की पेट्या, हा घोळ होतो.

पॅटर्न म्हणजे काय

पॅटर्न ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली ती इमारतींकडून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये बांधकामाचे २५३ पॅटर्न मांडले. त्यांची पद्धत आपल्या घरावरून चटकन कळते. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, भिंतीचा जांभा आणि माती भिजत राहते, आणि तरीही चार महिने घरच्यांना दाराबाहेर बसायला, काही वाळत घालायला जागा लागते. या अडचणीवर इथल्या लोकांना सापडलेलं उत्तर म्हणजे पडवी. प्रत्येक घराची पडवी वेगळी: कुठे पुढेच, कुठे चारी बाजूंनी, कुठे एका टोकाला गोठा. कुणी तिचा नकाशा वाटलेला नाही. पण अडचण, परिस्थिती आणि उत्तर ही सांगड सगळ्यांना ठाऊक आहे. सोलापूरकडे पाऊस कमी, तिथे घर वेगळं, म्हणून तिथे तीच पडवी कुणी मागत नाही.

१९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांनी ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधले २३ पॅटर्न अशाच रीतीने लिहून काढले. प्रत्येकाबरोबर तो कधी वापरावा आणि त्याची किंमत काय मोजावी लागते हेही लिहिलं. परीक्षेसाठी पाठ करताना आपल्याकडे नेमका हाच भाग गळतो. क्लासची आकृती राहते, अडचण विसरली जाते. मग इंटरव्ह्यूत "मी प्रोजेक्टमध्ये सात पॅटर्न वापरले" असं सांगितलं जातं. मला त्यापेक्षा "तीन अडचणी आल्या, दोन ठिकाणी साधं फंक्शन पुरलं" हे उत्तर कितीतरी आवडेल.

निवडताना मी स्वतःला एकच विचारते: हा तुकडा पुढे कोण बदलायला सांगणार आहे, आणि कशामुळे? उत्तर ठोस असेल तर पॅटर्नचा विचार. 'कधीतरी लागेल' असं असेल तर थांबायचं.

दराचंच बघा. किरकोळ दर, सोसायटीचा दर, जुन्या गिऱ्हाइकाचा दर. दोनच असतील तर एक 'इफ' पुरे, आणि तो वाचायलाही सोपा. तिसरा आला, आणि बागायतदार पुढच्या वर्षी चौथा आणणार हे दिसू लागलं, की स्ट्रॅटेजी पॅटर्न घ्या: दर काढण्याची प्रत्येक रीत वेगळी, सगळ्यांची हाक मारायची तऱ्हा एक, आणि कुठली रीत लावायची ते एकाच जागी ठरतं. जावामध्ये यासाठी इंटरफेस आणि क्लास लिहावे लागत. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये तीन फंक्शन आणि एक डिक्शनरी एवढ्यात काम होतं. पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषांत त्या २३ पैकी १६ पॅटर्न एक तर फार सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. म्हणून जावाच्या पुस्तकातला क्लासचा पसारा पायथनमध्ये जसाच्या तसा उतरवू नका.

ॲडाप्टर मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. पेमेंट गेटवे, एसएमएस, कुरिअर या बाहेरच्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या वाटेल तशा नावांचे रकाने आपल्या कोडभर पसरू देऊ नयेत. आपल्याला हवी ती दोन-तीन फंक्शनं असलेला एक पातळ क्लास मध्ये ठेवायचा. इथे इंटरफेसला एकच अंमलबजावणी असली तरी चालेल, कारण टेस्टमधला खोटा गेटवे ही दुसरी अंमलबजावणी असतेच. कोडच्या आत, दोन आपल्याच क्लासच्या मध्ये, एकाच अंमलबजावणीचा इंटरफेस मात्र नुसतं ओझं.

रिपॉझिटरीवर वाद फार होतात, म्हणून थोडं थांबून सांगते. जँगो, रेल्स, लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएममध्ये (टेबलच्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणाऱ्या भागात) टेबलची ओळ आणि तिचं वागणं एकाच ऑब्जेक्टमध्ये असतं. तो ॲक्टिव्ह रेकॉर्ड पॅटर्न. जावातलं हायबरनेट किंवा पीएचपीतलं डॉक्ट्रिन डेटा मॅपर पद्धतीचं आहे, तिथे ऑब्जेक्टला आपण कुठे साठवले जातो ते माहीत नसतं. जँगोत छोटं ॲप करत असाल तर प्रत्येक मॉडेलवर रिपॉझिटरी गुंडाळण्यात मला अर्थ दिसत नाही. 'शोध', 'सगळे_आण', 'जतन_कर' ही फंक्शनं ओआरएमचीच पुन्हा लिहिली जातात. त्याऐवजी दर आणि साका यांसारखे नियम साध्या फंक्शनमध्ये काढा. त्यांना तारखा आणि आकडे द्या, मॉडेल देऊ नका. बॅटरीवरची ती कसोटी तेवढ्यानेही पास होते. रिपॉझिटरीला खरा अर्थ येतो तो तिच्या फंक्शनांना धंद्यातली नावं मिळाली की, उदाहरणार्थ 'उद्या_रवाना_होणाऱ्या_पेट्या'.

ऑर्डरच्या अवस्था: नोंदवली, पैसे आले, भरली, रवाना, पोचली, रद्द. स्टेट पॅटर्न (प्रत्येक अवस्थेचा वेगळा क्लास) इथे चपखल बसतो असं पुस्तक सांगेल. मी आधी एक साधा तक्ता ठेवीन, कुठल्या अवस्थेतून कुठे जाता येतं एवढाच. 'रवाना'वरून 'रद्द'कडे वाट नाही, हे त्या तक्त्यात बागायतदारालाही वाचून दाखवता येतं. प्रत्येक अवस्थेत वागणंच वेगवेगळं होऊ लागलं तर क्लास करायला पुढे वेळ आहे.

डेकोरेटर (एखाद्या कामाभोवती जादा काम गुंडाळणारा), ऑब्झर्व्हर (काही घडलं की इतरांना कळवणारा) हे तुम्ही फ्रेमवर्कच्या मिडलवेअर आणि सिग्नलमधून नकळत वापरताच. सिंगल्टन (सगळ्या ॲपमध्ये मिळून एकच ठेवलेला ऑब्जेक्ट) टाळा, कुठूनही बदलता येणारी गोष्ट कोडमध्ये ठेवली की एका टेस्टचं उरलंसुरलं दुसऱ्या टेस्टमध्ये जातं आणि कारण सापडता सापडत नाही. लागेल ती वस्तू ॲप सुरू होताना एकदाच बनवून ज्याला हवी त्याच्या हातात द्यावी.

जुना कोड पावसाळ्यात उघडायचा

ज्यांच्याकडे चालू ॲप आधीच आहे, त्यांनी हंगामात रचनेला हात लावू नये. जून ते जानेवारी हा वेळ त्यासाठीच आहे. सगळं पाडून नव्याने लिहू नका. गेल्या हंगामातल्या खऱ्या ऑर्डरी घ्या, नावं-पत्ते-फोन काढून टाका, आणि तारीख, पेट्या, गाव, आकारलेली रक्कम एवढंच ठेवा. जुना कोड त्यांना जो आकडा देतो तोच टेस्टमधला अपेक्षित आकडा. एखादा आकडा चूक वाटला तरी आत्ता तो दुरुस्त करू नका, लिहून ठेवा आणि बागायतदाराला विचारा. कधी कधी ती चूक नसते, गावातल्या कुणाला तरी मुद्दाम दिलेली सवलत असते.

मग मोठ्या फंक्शनमधून फक्त दर काढणं बाहेर घ्या. टेस्ट चालल्या की वेब आणि ॲडमिन दोन्ही पानांना तेच फंक्शन लावा. एवढ्यानेच अर्धं दुखणं जातं. त्यानंतर गेटवे ॲडाप्टरमागे न्या, मग साक्याचे नियम. डेटाबेसचे टेबल सगळ्यात शेवटी. रकाना बदलायचाच झाला तर नवा रकाना जोडा, काही दिवस दोन्हींत लिहीत राहा, जुन्या ऑर्डरींचा हिशोब नव्या रकान्यावरून जुळतो का ते बघा, आणि जुना रकाना मार्चच्या आत काढून टाका. मार्च उजाडला आणि काढायचा राहिला असेल, तर तो पुढच्या जूनपर्यंत तसाच राहू द्या.